रांगेतला दुसरा जोड

माझ्या वडिलांना कर्जतमध्ये 'काच' म्हणतात. स्टेशनबाहेरचा पानवाला त्यांना तशीच हाक मारतो; पूर्वी टांगेवाले मारायचे, आता रिक्षावाले मारतात. मागून नाही, तोंडावर. "काय काच, आज उशीर?" लहानपणी मला वाटे, वडिलांचा काचेचा काहीतरी धंदा असावा. पहिलीत बाईंनी वडील काय करतात म्हणून विचारलं, तेव्हा मी "ग्लास" असं उत्तर दिलं होतं. बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

या नावामागची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. रेल्वेच्या टीममध्ये एक सेंटर फॉरवर्ड होता. उंच, रुंद, मान खांद्यांत रुतलेली. त्याच्याइतका दांडगा गडी कल्याणपासून खोपोलीपर्यंत नव्हता, असं म्हणतात. एका पावसाळ्यात खालापूरकडच्या पोरांची टीम कर्जतला खेळायला आली. त्या पोरांकडे बूट नव्हते. तेव्हाची रीत अशी होती की समोरचे अनवाणी असले तर बूटवाल्यांनीही बूट काढायचे. काढलेले बूट लाईनीबाहेर रांगेत मांडायचे, तोंडं मैदानाकडे करून, म्हणजे कुणालाही ते मोजता यावेत. अकरा जोड. शेवटची शिट्टी होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही.

तर दुसऱ्या हाफात हा फॉरवर्ड बॉल घेऊन सुटला, समोरून खालापूरचा बॅक आडवा आला, आणि फॉरवर्डने अशी लाथ हाणली की बॅकच्या नडगीचे दोन तुकडे झाले. "नुसत्या पायानं!" इथे गोष्ट सांगणारा थांबतो आणि ऐकणाऱ्याकडे बघतो. नुसत्या पायाने हाड मोडलं, म्हणजे पाय लोखंडाचा असला पाहिजे आणि हाड काचेचं.

तो बॅक म्हणजे माझे वडील. तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

वडिलांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती चार शब्दांची आहे. मी आठवीत असताना एकदा त्यांचा पाय शेकून देत होते, तेव्हा त्यांनी ती सांगितली. "त्याच्या पायात बूट होते." खाटेवर घालून त्यांना स्टेशनकडे नेत होते तेव्हाही ते हेच म्हणत होते. पण मॅच संपल्यावर रांगेतले बूट मोजले गेले होते. अकराच्या अकरा जोड जागेवर होते. चिखल इतका होता की दुसऱ्या हाफात कुणाच्या पायात काय आहे ते दिसत नव्हतं. बाविसांचे पाय गुडघ्यापर्यंत एकाच रंगाचे. हरलेला माणूस काहीतरी बोलणारच, असं ठरलं.

वडिलांच्या उजव्या नडगीवर चार खुणा आहेत. तीन गोल आणि एक ओढल्यासारखी लांबट. आई म्हणते, "अंगठ्याला कधी खिळे असतात का?" पण ती हे घरात म्हणते.

त्या महिन्यात वडिलांची रेल्वेची मेडिकल होती. घाट चढायला गाडीच्या मागे जे बँकर इंजिन लावतात, त्यावर मदतनीस म्हणून त्यांना घेणार होते. चिठ्ठी आली होती. ती चिठ्ठी अजून ट्रंकेत आहे. आठ महिने ते आडवे होते. पुढे लग्न होऊन ते कर्जतला लागून भिसेगावात राहायला आले, खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये बसायची नोकरी मिळाली, आणि त्या कारखान्याच्या कॉलनीत इंग्रजी शाळा होती म्हणून मी इंग्रजीत शिकले. म्हणजे माझं इंग्रजी त्या मोडलेल्या हाडातून आलं आहे. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवावं लागत नाही.

एकदा मी वडिलांना विचारलं, तुम्ही 'काच' ऐकून कसं घेता? ते म्हणाले, "त्याआधी काय म्हणायचे ते तुला ठाऊक नाही." आमच्या घरात बुद्धाची तसबीर लागली त्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यातली ती मॅच. 

*

फॉरवर्डला एकसष्ट वर्षं पूर्ण होणार होती. गावाने सत्कार करायचं ठरवलं. कमिटी झाली, स्मरणिका काढायची ठरली, आणि एका रविवारी सकाळी कमिटीचे सेक्रेटरी भिसेगावात आमच्या घरी आले. रेल्वेत तिकीट तपासनीस होते, आता निवृत्त. नोकरी सुटली तरी माणसाकडे तिकीट मागितल्यासारखं बघायची सवय सुटली नाही.

"तुझं इंग्रजी फस्क्लास हाय म्हणतात," ते मला म्हणाले. "मुख्य पाहुणे मद्रासकडचे साहेब. मराठी नाय येत. एक पान इंग्रजीत लागंल. आणि चाहत्यांच्या आठवणी पण तूच गोळा कर. पोरीच्या जातीला कोण नाय म्हणत नाय, आणि अक्षर चांगलं हाय तुझं."

मी काही बोलले नाही. मी बहुतेक वेळा बोलत नाही. लोकांना तो होकार वाटतो.

आतून आईने भांडं जरा जोरात खाली ठेवलं. मग ती दारात आली. "ज्यानं यांचा पाय मोडला त्याची आरती आमच्या पोरीनं लिहायची होय?"

"वहिनी, खेळ हाय तो." सेक्रेटरी हसले. "खेळात हाडं मोडायचीच. आणि अजून तर ऐकाच. हार कोन घालनार हाय? काच! स्वतः! आमी ठरवलंय. लोक उभं राहून टाळ्या वाजवतील बघा. ज्याचा पाय मोडला त्याच्या हातून हार. असं कुठं झालंय का?"

"नाही झालेलं," आई म्हणाली. "कारण असं कुणाला सुचत नाही."

वडील खुर्चीवर बसले होते, उजवा पाय नेहमीसारखा सरळ पुढे करून. ते म्हणाले, "करून देईल ती."

सेक्रेटरी गेल्यावर आई त्यांच्यावर खूप चिडली. ते मला एवढंच म्हणाले, "वही घेऊन जा. काय काय म्हणतात ते सगळं ऐकून ये. शब्द न् शब्द."

तेव्हा मला कळलं की पंचवीस वर्षं ते एका माणसाची वाट बघत होते. कुणीतरी एक जण म्हणेल की होय, बूट होते. त्यांना स्वतःला विचारत फिरता येत नव्हतं. मला येणार होतं.

*

तीन रविवार मी फिरले. चाहते म्हणजे साठीच्या आसपासची माणसं, धोतरातली, पायजम्यातली, एक जण तर बनियनवर. सगळ्यांनी मला बसायला दिलं. सगळ्यांना मी कोण ते माहीत होतं, आणि ते माहीत नसल्यासारखं कुणी केलं नाही. मला वाटलं होतं, निदान माझ्यासमोर तरी ते ती गोष्ट टाळतील.

आठवणी अशा होत्या. त्याने डोक्याने मारला की बॉलची शिवण उसवायची. तेव्हा गोलाला जाळी नसायची, म्हणून त्याचा एक बॉल थेट मागच्या गोठ्यात गेला आणि म्हशीने दोन दिवस दूध दिलं नाही. तापाने फणफणलेला असताना त्याने तीन गोल मारले आणि मग विहिरीवर जाऊन अंघोळ केली. एका रेफ्रीला त्याने उचलून लाईनीबाहेर ठेवलं होतं. "रागानं नाय हां," सांगणारे म्हणाले. "वाटेत येत होता म्हणून." एकाच्या भावाचे पुढचे दात त्याच्या कोपराने पडले होते, आणि तो भाऊच हे हसून सांगत होता, दात नसलेल्या तोंडाने. मी सगळं उतरवून घेतलं. मारलेले, पाडलेले, लंगडे झालेले, सगळे त्या माणसाच्या प्रेमात होते. हे मला समजलं नाही आणि समजून घ्यायची इच्छाही झाली नाही.

नडगीची गोष्ट प्रत्येकाने सांगितली. प्रत्येकाला तो आवाज ऐकू आला होता, आणि प्रत्येकाने तो मला करून दाखवला. एकाने टाळी वाजवली. एकाने अंगणातली वाळकी काटकी उचलून मोडली. पानवाल्याने तर अडकित्त्यात अख्खी सुपारी धरली, माझ्याकडे बघितलं, आणि कडाक्‌ करून फोडली.

"असा!" तो म्हणाला. "पार फाटकापर्यंत ऐकू गेला. वाईट वाटून घेऊ नको हां. काच आपलाच मानूस हाय."

मी वहीत लिहिलं: सुपारी.

"बूट होते का त्यांच्या पायात?" मी विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारत होते, शेवटी, वही मिटता मिटता.

"बूट?" तो हसला. "अगं, तीच तर गंमत! नुसता पाय! तुझ्या बापाला इचार की."

लाथ कोणत्या पायाची, यावर मात्र एकमत नव्हतं. चौघांनी डावा सांगितला, पाच जणांनी उजवा. ते मी समासात लिहून ठेवलं. रात्री घरी वडील वही घेऊन बसत आणि मी लिहिलेलं वाचत. वाचून झाल्यावर ते वही परत देत आणि म्हणत, "पुढच्या रविवारी?"

*

तिसऱ्या रविवारी मी खोपोलीला गेले. सेक्रेटरींनी दिलेल्या यादीत शेवटचं नाव शिळफाट्याच्या एका चपला-बुटांच्या दुकानदाराचं होतं. पुढे लिहिलं होतं, 'यांचे बूट हेच करायचे'. हायवेला लागून टपरीएवढं दुकान. आत ऐंशीच्या घरातले आजोबा, समोर लोखंडी ऐरण, तोंडात खिळे. त्यांनी खिळे हातावर काढून घेतले आणि मला स्टूल पुसून दिलं. मी कर्जतहून आले, स्मरणिकेसाठी आले, एवढंच त्यांना कळलं. मी कुणाची ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या तीन रविवारांत असा हा पहिलाच माणूस.

"त्याचा पाय म्या जितका बघितलाय तितका त्याच्या बायकोनं नसंल बघितला," ते म्हणाले. "डावा पाय अर्धा बोट मोठा. लोकांला म्हायती नाय. म्हनून त्याला बाजारातला जोड चालायचा नाय. माझाच लागायचा. खाली चामड्याचे स्टड, एकावर एक तीन थर, खिळ्यांनी ठोकायचे. मॅचला मला संगं न्यायचा. म्हनायचा, म्हाताऱ्या, तू बस हितं, ऐरन घेऊन. तवा मी म्हातारा नव्हतो हां."

मी हसले असावे. त्यांना बरं वाटलं.

"खालापूरची पोरं आली होती ती मॅच आठवते का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"ती तर माझीच मॅच!" आजोबांनी हातातली चप्पल खाली ठेवली. "बाय, ऐक. अनवानी मॅच. समद्यांनी बूट काढून रांगेत लावले. पहिल्या हाफात ह्याचं काय चालंना. चिखल हा एवढा. त्यांचा एक बॅक व्हता, काटक, काळा, हलायचाच नाय जागचा. ह्यो जाऊन आदळायचा आनि ह्योच पडायचा. हाफटाईमला माझ्याकडं आला, म्हनला, बूट दे. म्हनलं, आरं, रांगेत हायेत, लोकं बघत्यात. म्हनला, तू कायतरी कर. मंग म्या काय केलं?"

ते पुढे झुकले. डोळे चमकत होते.

"माझ्या पिशवीत दुरुस्तीला आलेला एक जोड व्हता. कुना गार्डाचा. त्यो नेऊन रांगेत ठेवला आनि ह्याचा उचलून आनला. पावसात कोन बघतंय! मोजले तरी अकरा. आनि दोन स्टड ढिले झालते ते हितंच, ऐरनीवर, ठोकून दिले. घाईत खिळे जरा वर ऱ्हायले. ठोकायला येळ नव्हता. शिट्टी झाली ना." त्यांनी मांडीवर हात मारला. "हां, आनि मंग काय ते झालं. बॅकचा पाय गेला. पन मॅच जिकली."

मी लिहीत होते. पेन्सिलचं टोक मोडलं म्हणून त्यांनी चामडं कापायच्या रापीने ते मला तासून दिलं. चांगलं तासलं, बारीक. त्या हातांनी.

"लिव्हलंस का समदं? माझं नाव येईल नव्हं त्यात?"

"येईल," मी म्हणाले.

"तू कुनाची गं, बाय?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवलं होतं. पण मी म्हणाले, "भिसेगावची," आणि उठले. त्यांनी मला दारापर्यंत येऊन निरोप दिला. त्यांना सांगितलं असतं तर बोललेलं कदाचित त्यांनी नाकारलं असतं, म्हणून नाही सांगितलं, असं मी घरी म्हणाले. ते खरं नाही. मला धीर झाला नाही.

वडिलांनी ती पानं दोनदा वाचली. मग त्यांनी विचारलं, "गार्डाचा जोड?"

"हो."

"मला पंचवीस वर्षं कळत नव्हतं, अकरा कसे भरले." त्यांनी वही मिटली. "हे छापून येऊ दे. मग मी हार घालतो."

*

सेक्रेटरींनी वही घेतली, चष्मा लावला आणि भराभर वाचत गेले. म्हशीच्या आठवणीला हसले. शिळफाट्याच्या पानावर आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"हे नको."

"का?"

"म्हातारा भ्रमिष्ट झालाय. काय पन बरळतो."

"त्यांना स्टडचे थरसुद्धा आठवतात," मी म्हणाले. इतकं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"ए पोरी." त्यांचा आवाज खाली आला. "मॅच झाल्यावर जोड कुनी मोजले व्हते, म्हायती हाय? मी. मी ओरडून सांगितलं व्हतं, अकरा हायेत म्हनून. आता एकसष्टीला माझं नाव खोटारडा म्हनून छापनार व्हय तू? तुला बोलावलं कशाला आनि तू करते काय? तुझ्या बापाला म्हनावं, झालं गेलं सोड."

त्यांनी लाल पेनाने पानभर काट मारली. दोन रेघा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग वही परत देत गोड आवाजात म्हणाले, "इंग्रजीचं पान तेवढं गुरुवारपर्यंत दे. ते थेट छापायला टाकतो."

ते थेट छापायला जाणार होतं. कारण कमिटीत इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं.

मी ते पान लिहिलं. फॉरवर्डची उंची, त्याचे गोल, म्हैस, ताप, विहीर. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, साध्या वाक्यांत, बुटांचा जोड, गार्डाचे बूट, ऐरण, वर राहिलेले खिळे. आजोबांचं नाव घातलं, कबूल केल्याप्रमाणे. छापून आलं. एक अक्षर कुणी बदललं नाही. स्मरणिकेची प्रत घेऊन मी घरी आले. वडिलांना मी ते वाचून दाखवलं, मराठीत करून.

त्यांनी ऐकलं. मग प्रत हातात घेतली, त्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे इथं कोण वाचणार?"

"मुख्य पाहुणे."

"आणि पानवाला?"

मी स्मरणिका त्यांच्या हातातून घेऊ लागले.

"तू ते लपवून ठेवलंस," ते म्हणाले. रागावून नाही. "छापलंस, पण लपवलंस. मला काच म्हणतात ते मराठीत म्हणतात."

*

सत्कार शाळेच्या हॉलमध्ये होता. हॉल भरला होता. स्टेजवर मधल्या खुर्चीत फॉरवर्ड बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच जवळून बघत होते. एक गुडघा सुजलेला, नाक दोनदा मोडून भलतीकडेच वळलेलं, हात मांडीवर फावड्यासारखे पडलेले. म्हातारा झाला होता, पण कीव यावी असा नव्हता. तशी माझी तयारी होती आणि ती वाया गेली.

त्याच्या शेजारी टेबलावर पांढरं कापड घालून त्याचे बूट मांडले होते. काळे, टोकाला फुगलेले. कुणीतरी त्यांना हळदकुंकू लावून वर जास्वंदीची फुलं ठेवली होती. डावा अर्धं बोट मोठा आहे, हे त्या हॉलमध्ये त्याच्याखेरीज बहुधा मलाच माहीत असावं. शिळफाट्याच्या आजोबांना बोलावलं नव्हतं.

माझं काम तबक घेऊन उभं राहायचं. शाल, श्रीफळ, हार. वडील तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते, इस्त्रीची पँट घालून, पाय वाटेत सरळ करून. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आई आली नव्हती.

सेक्रेटरींनी माईक तोंडाशी धरला. "आणि आता तो क्षण! ज्या नुसत्या पायानं इतिहास घडवला, त्या पायाचा साक्षीदार... आपले काच! या, काच, या, हार घाला!"

टाळ्या सुरू झाल्या. वडील उठले नाहीत.

टाळ्या जरा वेळ चालल्या आणि विरल्या. "या की!" सेक्रेटरी म्हणाले. वडील समोर बघत बसून राहिले. मागून पानवाल्याचा आवाज आला, "तडकली वाटतं पुन्हा!" आणि सगळा हॉल हसला. मुख्य पाहुणेही हसले, सगळे हसतात म्हणून. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वडिलांच्या शेजारचा माणूस त्यांना कोपराने ढोसत होता.

मी तबक बुटांशेजारी ठेवलं. कसं ठेवलं ते मला आठवत नाही. हार घसरून खाली पडला तो आवाज आठवतो. फॉरवर्डपासून मी दोन हातांवर होते. सेक्रेटरींचा माईक आमच्या दोघांच्या मध्ये होता.

"काका," मी म्हणाले, "हे बूट त्या दिवशी तुमच्या पायात होते ना?"

माझा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. मी तो इतका मोठा कधीच ऐकला नव्हता.

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कंच्या दिवशी?"

"माझ्या वडिलांचा पाय मोडला त्या दिवशी."

सेक्रेटरी माईक ओढू लागले. त्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, कुणी मुलाच्या हातातली काठी काढून घ्यावी तसा सहज.

"व्हते की," तो म्हणाला.

कुणीतरी खोकलं.

"मग? नुसत्या पायानं तुझ्या बापाचं हाड मोडलं असतं व्हय? पहिल्या हाफात तीनदा आदळलो मी त्याच्यावर. तिन्ही डाव मीच पडलो. लय कडक गडी. हलतच नव्हता. बूट घातल्याबिगर त्याच्या पल्याड जाताच येत नव्हतं, म्हनून घातले." त्याने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. बराच वेळ शोधलं, मग त्याला वडील सापडले. "काच कशापायी म्हनता रं त्याला? मला वाटायचं डोळ्यांनी अधू हाय म्हनून म्हनता."

माफी नाही. शरम नाही. त्याला त्यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं; पाऊस पडला तसं तो सांगत होता. मी त्याच्या जागी शरम शोधत होते आणि मला फक्त सुजलेला गुडघा दिसत होता.

आणि मग टाळ्या वाजल्या. आधी मागून, मग सगळीकडून. "वाघ! खरं बोलायला वाघ लागतो!" कुणीतरी ओरडलं. लोक उभे राहिले. सेक्रेटरीसुद्धा टाळ्या वाजवत होते, तोंड पांढरं पडलेलं. त्या माणसाने फसवून माझ्या वडिलांचा पाय मोडला, हे कबूल केलं, आणि ते त्याच्यासाठी उभे राहिले. पाच मिनिटांपूर्वी ते त्याच्या नुसत्या पायासाठी टाळ्या वाजवत होते. आता बुटांसाठी. त्यांना काहीही चाललं असतं.

तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. मी तबक तिथेच सोडून मागच्या दाराने बाहेर आले. वडील रस्त्याला लागले होते, पाय ओढत, नेहमीपेक्षा भरभर. मी त्यांच्या बरोबरीने चालू लागले. पुलापाशी ते म्हणाले, "तीनदा नाही. चारदा पडला तो." 

*

आठवड्याने मी आणि वडील स्टेशनवर गेलो होतो. पानवाल्याने लांबूनच हात वर केला.

"या, या, कडक! काय कडक, पान लावू?" आणि बाकावरच्या दोघांकडे वळून, "आता ह्यांचं नाव बदललं. काच गेली. कडक!" बाकावरचे हसले. एक म्हणाला, "शोभतं!"

चांगलं नाव होतं, त्यांच्या मते. त्यांनी ते प्रेमाने दिलं होतं. मला वाटलं, वडील नेहमीसारखे पान घेऊन पुढे चालू लागतील.

वडील दुकानाच्या पायरीशी गेले. उजवा पाय उचलून, दोन्ही हातांनी धरून, त्यांनी तो पायरीवर ठेवला. पँट गुडघ्यापर्यंत वर केली. भर स्टेशनबाहेर. तीन गोल खुणा आणि एक लांबट.

"मला नाव आहे," ते म्हणाले.

पानवाला खुणांकडे बघत होता. हातातला चुना बोटावर सुकत होता. "म्हायती हाय की," तो म्हणाला.

"मग घे."

 माणसं बाजूने जात होती, पायाकडे बघत होती. तो पाय असा दुमडून वडिलांना फार वेळ उभं राहता येत नाही. त्यांची पोटरी थरथरायला लागलेली मला दिसत होती. मी हात पुढे केला नाही. पानवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी सोडवीन म्हणून. मीही त्याच्याकडे बघत राहिले.

मग त्याने नाव घेतलं. हळू, तोंडात दुखत असल्यासारखं. वडील हलले नाहीत. त्याने आडनावही घेतलं.

वडिलांनी पँट खाली केली, पाय उतरवला आणि म्हणाले, "पान नको."

त्या दुकानातून मी आजही काही घेत नाही.